डोळ्याभोवतीची लसिकेची गाठ: थांबायचं, इंजेक्शन द्यायचं की ऑपरेशन करायचं?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ५ वर्षांची. उजवी वरची पापणी नाकाच्या बाजूला फुगलेली असते आणि सर्दी झाली की जास्तच फुगते. मध्यंतरी एका रात्रीत डोळा काळानिळा होऊन पुढे आला, ओकाऱ्या झाल्या, मग हळूहळू सूज बरीचशी बसली. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'लिम्फॅटिक मालफॉर्मेशन, मिश्र प्रकार' (म्हणजे लसिकावाहिन्यांची जन्मतः चुकलेली घडण) असं लिहिलंय आणि नाकाच्या बाजूला मोठी पिशवी म्हटलीय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी इंजेक्शनं, तिसऱ्यांनी सध्या काहीच करू नका म्हटलं. आईवडिलांना कळायचं आहे की या तिघांतलं ऐकायचं कोणाचं.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तरी तिघांपैकी कोणीच चूक वाटत नाही. 'मिश्र प्रकार' या दोन शब्दांत त्याचं कारण आहे. या गाठीचा एक भाग इंजेक्शनने आटोक्यात येणारा असतो, एखादा भाग काढता येण्याजोगा असतो, आणि एका भागाला हात लावला तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. प्रत्येकाने बहुधा आपल्याला दिसलेल्या भागाबद्दल मत दिलं. मात्र तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच आली नाही: मुलीची नजर किती आहे आणि चष्म्याचा नंबर काय आहे. त्याकडे मी पुढे येतोच, कारण माझ्या दृष्टीने उपचार तिथून सुरू होतात.

आधी भीती काढून टाकू. हा कॅन्सर नाही आणि पुढे त्याचा कॅन्सर होत नाही. पूर्वी याला लिम्फँजिओमा म्हणायचे आणि ट्यूमरच्या यादीत टाकायचे, जुन्या फाइलींमध्ये अजूनही तेच नाव सापडतं. १९८२ मध्ये मलिकन आणि ग्लोवॅकी या दोघांनी रक्तवाहिन्यांच्या गाठींची नव्याने विभागणी केली: पेशी वाढून होणाऱ्या गाठी वेगळ्या आणि जन्मतः चुकीच्या घडलेल्या वाहिन्या वेगळ्या. तुमच्या मुलीचा आजार दुसऱ्या गटातला. गर्भात लसिकावाहिन्या (ऊतकांतलं जास्तीचं पाणी, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तयार होताना काही पेशींमध्ये बदल होतो, बहुतेक वेळा पीआयके३सीए नावाच्या जनुकात, आणि तेवढ्याच भागात वाहिन्यांऐवजी बंद पिशव्या तयार होतात. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. गरोदरपणात काय खाल्लं, काय उचललं, कुठे गेलात, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. घरातल्या कोणी तसा विषय काढलाच, तर एवढं सांगून तो तिथेच थांबवा.

या पिशव्या दोन तऱ्हेच्या असतात. साधारण १ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठ्या, पाण्याने भरलेल्या पिशव्या म्हणजे मॅक्रोसिस्टिक. बारीक बारीक, मांसात पसरलेल्या म्हणजे मायक्रोसिस्टिक. ही दुसरी जात त्रासदायक, कारण भिंतीत ओल मुरावी तशी ती चरबीत, स्नायूंत, नसांभोवती (म्हणजे मज्जातंतूंभोवती) मुरलेली असते आणि निरोगी भाग कुठे संपतो, गाठ कुठे सुरू होते हे ऑपरेशन करतानाही नीट कळत नाही. मिश्र प्रकारात दोन्ही असतात. शिवाय शिरांचा थोडा अंशही पुष्कळदा मिसळलेला असतो. खाली वाकल्यावर किंवा जोर लावून रडल्यावर डोळा लगेच पुढे येत असेल तर शिरांचा भाग मोठा आहे असं समजतात आणि इंजेक्शनचा बेत त्याप्रमाणे बदलावा लागतो. तुमची मुलगी रडते तेव्हा काय होतं ते नीट बघून डॉक्टरांना सांगा. पाच मिनिटांच्या तपासणीत हे दिसेलच असं नाही.

त्या रात्री जे झालं तो पिशवीच्या आतला रक्तस्राव होता. पिशव्यांच्या पातळ पडद्यांतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, पिशवी रक्ताने भरते आणि डोळ्याच्या खोबणीत जागाच नसल्यामुळे डोळा पुढे ढकलला जातो. जुनं रक्त चॉकलेटी होतं, म्हणून त्या पिशव्यांना चॉकलेट सिस्ट म्हणतात. एमआरआयमध्ये पिशवीत खाली गडद आणि वर फिकट असे पाण्याचे थर दिसतात आणि निदानाची ती सर्वांत भरवशाची खूण आहे. ओकाऱ्या होतात त्या बहुधा डोळ्यावरच्या दाबामुळे, मेंदूत काही झालंय म्हणून नव्हे. सर्दीतली वाढ वेगळी. गाठीत लसिका ऊतक असल्यामुळे टॉन्सिल सुजावेत तशी ती सुजते आणि सर्दी उतरली की ओसरते.

इथे सावधगिरीची एक गोष्ट. लहान मुलाचा डोळा झपाट्याने पुढे आला तर ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा कॅन्सर आणि खोबणीतला जंतुसंसर्ग या दोन्ही शक्यता आधी बाजूला कराव्या लागतात. तुमच्याकडे एमआरआय झालाय आणि सूज आपोआप ओसरलीय, त्यामुळे निदानावर माझा विश्वास बसतो. पण ज्यांचा एमआरआय झालेला नाही त्यांनी हे उत्तर वाचून 'आपलंही तेच असेल' असं मानू नये.

आता नजर. या आजारात मुलांची दृष्टी जाते ती बहुतेक वेळा हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता. फुगलेली पापणी बुबुळावर दाब देते, त्याचा आकार थोडा बदलतो आणि त्या डोळ्याला तिरका (सिलिंडरचा) नंबर लागतो. पापणी खाली आली असेल तर बाहुली अर्धवट झाकली जाते. डोळा पुढे किंवा बाजूला ढकलला गेला तर तिरळेपणा येतो. या तिन्ही कारणांनी मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा आळशी होतो. मुलं तक्रार करत नाहीत, कारण दुसऱ्या डोळ्याने त्यांचं सगळं सुरळीत चाललेलं असतं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे भरून काढणं सोपं असतं, पुढे ते अवघड होत जातं. गाठ पुढच्या वर्षी बघता येईल, हे वय परत येत नाही.

म्हणून पहिला उपचार म्हणजे डोळ्यांत थेंब घालून केलेली नंबरची तपासणी, लागला तर चष्मा, आणि आळशीपणा असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम आळशीपणाला दिवसाला २ तासांची पट्टी बहुधा पुरते, जास्त असेल तर ६ तासांपर्यंत जावं लागतं. ती लावताना मूल रडतं, ओढून काढतं, शाळेत लावायला नकार देतं. आईवडील थकतात आणि ऑपरेशनची तारीख मागतात, कारण ऑपरेशन केलं की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण गाठ उत्तम आटोक्यात आणून शेवटी त्या डोळ्याला दिसत नसेल, तर ते यश कागदावरचं.

घरी करता येणारी एक चाचणी सांगतो. मूल आवडीचं काहीतरी बघत असताना, हसतखेळत एकेक डोळा हाताने झाका. एक डोळा झाकल्यावर काही वाटत नाही आणि दुसरा झाकल्यावर ते हात झटकतं, मान वळवतं, चिडतं, असं झालं तर उघडा राहिलेला डोळा कमी बघतोय. पाच वर्षांच्या मुलीला आणखी एक विचारता येतं: लाल रंगाचं झाकण आळीपाळीने एकेका डोळ्याने दाखवा आणि 'दोन्हींत सारखंच लाल दिसतं का?' असं विचारा. दुखऱ्या डोळ्याला ते फिकं किंवा तपकिरी दिसत असेल तर डोळ्यामागच्या, दिसण्याचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या नसेवर दाब पडलेला असू शकतो. सूज वाढलेल्या दिवसांत ही चाचणी रोज करा.

उपचारांकडे येऊ. सुरुवात थांबण्यापासून, कारण तिसऱ्या डॉक्टरांना तुम्ही उडवून लावलंय असं पत्रावरून वाटलं. नजर चांगली, डोळ्याचा आकार बिघडलेला नाही, दुखत नाही, दिसायला थोडं वेगळं दिसतं एवढंच, अशा मुलांत काहीही न करता दर ३-४ महिन्यांनी तपासत राहणं हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असतो. छोटे रक्तस्रावही बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप शोषले जातात. सुजेच्या काळात डोकं थोडं उंचावर ठेवून झोपवणं, गार पट्ट्या, दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि डोळा पुरता मिटत नसेल तर वंगणाचं मलम, एवढं पुरतं. ॲस्पिरिन देऊ नका, आयबुप्रोफेनही विचारल्याशिवाय नको. सूज फारच असेल तर थोड्या दिवसांचा तोंडावाटे स्टिरॉइडचा कोर्स देतात आणि तो कामही करतो. तोच महिनोन्महिने चालू ठेवणं मात्र मुलाची वाढ, डोळ्यातला दाब आणि मोतीबिंदू या तिन्ही बाजूंनी महागात पडतं.

इंजेक्शनं म्हणजे स्क्लेरोथेरपी. गेल्या काही वर्षांत मोठ्या पिशव्यांसाठी बहुतेक अनुभवी केंद्रं ऑपरेशनच्या आधी याच मार्गाचा विचार करतात आणि माझाही कल तोच आहे. मुलाला पूर्ण भूल देतात. सोनोग्राफीवर बघत बारीक सुई पिशवीत जाते आणि आतलं पाणी ओढून घेतात. ते कधी पिवळसर, कधी चॉकलेटी असतं. मग त्याच सुईतून एक्स-रेवर दिसणारं डाय सोडतात आणि पडद्यावर बघतात की ते पिशवीतच थांबतंय की एखाद्या शिरेत निघून जातंय. डोळ्याच्या शिरा मागे मेंदूच्या शिरांना जाऊन मिळतात, त्यामुळे डाय पळताना दिसलं तर तिथे औषध सोडत नाहीत. डाय जागेवर थांबलं तरच औषध. ते पिशवीच्या आतल्या अस्तराला चिकटवतं आणि पिशवी आकसत जाते. परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही. उलट आधी सूज वाढते, आणि खरा फरक ६ ते ८ आठवड्यांनी कळतो. एकापेक्षा जास्त वेळा करावं लागेल हे मनाशी धरूनच चाला.

औषध कुठलं, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. डॉक्सीसायक्लिन मोठ्या पिशव्यांवर छान चालतं, पण नंतरची सूज आणि दुखणं बरंच असतं. जपानमध्ये १९८० च्या दशकात पुढे आलेलं ओके-४३२ मानेच्या गाठींसाठी नावाजलं गेलं, पण ते मुद्दाम जोरदार सूज आणूनच काम करतं, शिवाय पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर चालत नाही. शुद्ध अल्कोहोल खोबणीत मी वापरू देणार नाही, नसांना त्याचा धोका फार. डोळ्याच्या मागे जागा इतकी तुटपुंजी असते की औषध किती सुजवतं हाच निवडीचा निकष ठरतो. या हिशेबात ब्लिओमायसिन बरं पडतं. बारीक पिशव्यांच्या भागावरही त्याचा थोडाफार उपयोग होतो.

ब्लिओमायसिनचं माहितीपत्रक वाचून आईवडील हादरतात, कारण ते कॅन्सरचं औषध आहे आणि त्यात फुफ्फुसं खराब होण्याचा इशारा असतो. इशारा खरा आहे. कॅन्सरसाठी शिरेतून देताना एकूण मात्रा ४०० युनिटच्या पुढे गेली की हा धोका ठळकपणे वाढतो. गाठीत देतात ती मात्रा त्यामानाने अगदी थोडी असते, तरी प्रत्येक वेळची नोंद ठेवून बेरीज करत राहावी लागते. दोन बारीक गोष्टी लोक विसरतात. इंजेक्शननंतरचे पहिले एक-दोन दिवस त्वचेवर जिथे खाजवलं, घासलं किंवा चिकटपट्टी ओढून काढली तिथे तपकिरी रेघा उमटतात आणि त्या महिनोन्महिने राहतात. म्हणून चिकटपट्टी कमीत कमी लावा, ईसीजीचे स्टिकर खसकन ओढून काढू नका म्हणून नर्सला आधीच सांगा, मुलीची नखं कापून ठेवा. दुसरी गोष्ट: पुढे कधीही, अगदी दाताच्या कामासाठीसुद्धा, भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना ब्लिओमायसिन घेतल्याचं सांगा. ते ऑक्सिजनचं प्रमाण त्या बेताने ठेवतात.

या उपचाराची खरी जोखीम म्हणजे नंतरच्या सुजेने खोबणीतला दाब वाढून नसेवर ताण येणं. म्हणूनच इंजेक्शन देणारे रेडिओलॉजिस्ट कितीही निष्णात असले तरी त्या दिवशी डोळ्यांचे सर्जन तिथे हजर हवेत. नजर आणि डोळ्यातला दाब तपासायला, आणि वेळ आलीच तर बाहेरच्या कोपऱ्यात छेद देऊन दाब मोकळा करायला. 'संध्याकाळी घरी जा, काही झालं तर फोन करा' एवढ्यावर खोल भागातलं इंजेक्शन उरकणार असतील, तर मी दुसरीकडे जाईन.

ऑपरेशनबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पापणीतली किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची मर्यादित गाठ काढता येते आणि चांगली काढता येते. भरलेली चॉकलेट सिस्ट नसेवर दाब देत असेल तर ती रिकामी करावीच लागते. कधी मोठ्या पिशव्या इंजेक्शनने आकसवून उरलेला फुगवटा नंतर कमी करतात, आणि हा संयुक्त मार्ग मला पटतो. पण मागच्या, मुरलेल्या भागात 'सगळं काढून टाकू' असं कोणी म्हणत असेल तर त्यांना विचारा की स्नायू आणि नस यांच्यातून ते कसं वेगळं करणार. डोळा हलवणाऱ्या स्नायूला इजा झाली तर एकाचे दोन दिसतात, पापणी उचलणारा स्नायू दुखावला तर ती कायमची लोंबते, आणि अर्धवट काढलेल्या जागी पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका राहतोच. सगळी गाठ निघण्याची शाश्वती अशा मुरलेल्या प्रकारात नसते. खराब दिसतं म्हणून ऑपरेशन, हे कारण मी नाकारत नाही. शाळेत चिडवणं हाही त्रासच आहे. पण मग ते पुढच्या भागापुरतं आणि नजरेची बाजू भक्कम झाल्यावर.

गोळ्यांपैकी ज्याने चित्र बदललं ते सिरोलिमस. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी वापरात आलेलं हे औषध. पीआयके३सीएमधल्या बिघाडाने पेशींत जो वाढीचा संदेश सतत चालू राहतो, त्याच साखळीत पुढे हे औषध अटकाव करतं. पसरलेल्या, बारीक पिशव्यांच्या, वारंवार रक्तस्राव होणाऱ्या गाठींत त्याचा फायदा होतो: सूज येण्याचे प्रसंग कमी होतात, गाठ मऊ पडते, थोडी लहान होते. पूर्ण नाहीशी क्वचितच होते, आणि फरक कळायला काही महिने लागतात. बंद केल्यावर त्रास परतू शकतो. ते चालू असताना रक्तातली औषधाची पातळी, पेशींची संख्या, कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने होतात. तोंडात फोड येणं हा नेहमीचा त्रास. प्रतिकारशक्ती कमी होत असल्यामुळे ताप आला तर घरी वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात देत नाहीत, म्हणून लसीकरणाचं कार्ड औषध सुरू करण्यापूर्वीच दाखवा. ग्रेपफ्रूट टाळायचं, त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढते.

इतर औषधांवर जास्त वेळ घालवत नाही. प्रोप्रॅनोलॉल या औषधाची गोष्ट तुमच्या कानावर येईल, कारण २००८ पासून बाळांच्या हिमँजिओमावर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या लाल गाठींवर, ते फार प्रभावी ठरलंय. तो आजार वेगळा, इथे त्याचा भरवसा धरता येत नाही. सिल्डेनाफिल या औषधाच्या सुरुवातीच्या बातम्या आशादायक होत्या, नंतरचे निकाल संमिश्र आले. अल्पेलिसिब हे थेट पीआयके३सीएवर काम करणारं औषध अमेरिकेत २०२२ मध्ये त्या जनुकाशी निगडित अतिवाढीच्या गंभीर आजारांसाठी मंजूर झालं, पण नुसत्या डोळ्याच्या गाठीसाठी ते रोजच्या वापरातलं नाही. किरणोपचार मुलांमध्ये करायचे नाहीत. कोणी सुचवलेच तर तिथून उठा.

तुमच्या मुलीपुरतं मला सुचतं ते असं. आधी नजर, नंबर आणि नसेची पूर्ण तपासणी, चष्मा आणि पट्टी लागली तर लगेच सुरू. रिपोर्टमध्ये नाकाच्या बाजूला मोठी पिशवी म्हटलीय, रक्तस्राव एकदा होऊन गेलाय, आणि पापणीने तिरका नंबर आणला असेल तर तिथे ब्लिओमायसिनचं इंजेक्शन हे मी पहिलं पाऊल मानेन. मागच्या बारीक भागाला तूर्त हात लावायचा नाही. तिथून पुन्हा पुन्हा रक्तस्राव होऊ लागला तर सिरोलिमसचा विचार. तिरका नंबर नसेल आणि दोन्ही डोळे सारखं बघत असतील, तर तिसऱ्या डॉक्टरांचं ऐकून काही महिने नुसतं लक्ष ठेवण्यातही काही गैर नाही. एमआरआय मेंदूचाही झालाय का ते बघा. खोबणीत अशी गाठ असलेल्या बऱ्याच मुलांत मेंदूतल्या शिरांची रचना थोडी निराळी असते. तिला सहसा उपचार लागत नाहीत, पण डायचं चित्र वाचताना ती माहीत असलेली बरी.

रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तो कशासाठी, हे घरात सगळ्यांना पाठ हवं: डोळा काही तासांत पुढे आला, नजर कमी झाली किंवा लाल फिकं दिसायला लागलं, डोळा हलेनासा झाला, पापणी बुबुळ झाकू शकत नाही, किंवा दुखण्यासोबत ओकाऱ्या थांबत नाहीत. नसेवरचा दाब काही तासांत उतरवला तर दृष्टी वाचते, दोन दिवसांनी तेवढीच खात्री देता येत नाही. सर्दीची नेहमीची सूज यात मोडत नाही.

शाळा, पळापळ, पोहणं हे सगळं चालू ठेवा. बॉक्सिंग, कराटेच्या लढती आणि चेहऱ्यावर चेंडू बसू शकेल असे खेळ तेवढे टाळा किंवा संरक्षक चष्मा लावून खेळू द्या. एक डोळा कमकुवत असेल तर तो चष्मा दुसऱ्या, चांगल्या डोळ्यासाठीच लागतो. आणि पुढच्या भेटीला रिपोर्टच्या कागदासोबत एमआरआयची सीडी न्या, कारण पिशवी नसेपासून किती लांब आहे हे सर्जनने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. फोनमध्ये सूज असतानाचे आणि नसतानाचे फोटो असतील तर तारखेप्रमाणे लावून तेही दाखवा.